लाल चिंधीचा कॅन

मी काही गोड स्वभावाची बाई नाही, हे आधीच सांगते. कुणी वाईट वागलं तर मी विसरत नाही, मनात गाठ मारून ठेवते. आण्णासाहेबांच्या नावाची गाठ मी तीन वर्षं जपली, आणि ती सुटली एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत, मेलबर्नच्या कसोटीपायी.

आण्णासाहेब म्हणजे आमच्या गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. बेंबळीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. सोसायटी निघाली त्या पहिल्या सकाळी मी म्हशीचं दूध घेऊन रांगेत उभी राहिले, तर त्यांनी मला प्रेमानं बाजूला घेतलं. म्हणाले, लोक नाराज होतात, तुझं दूध त्या कोपऱ्यातल्या कॅनमध्ये घालत जा. चुकून कुणी भलतंच ओतू नये म्हणून त्या कॅनच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती. आमच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, पण गावानं आमची जुनी जात जपून ठेवली होती. बरं, उस्मानाबादला सगळं दूध एकाच टाकीत जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना ह्याच लोकांनी माझ्या शेजारी बसून एका पातेल्यातली सुकडी खाल्ली होती. पाऊस पडला, पोटं भरली आणि विटाळ परत आला.

दूध घालून झालं की सोसायटीत सगळ्यांना चहा मिळायचा. माझ्यासाठी टवका उडालेला कप लिंबाच्या फांदीला टांगलेला असायचा. मी तो कधी हातात धरला नाही. घरी येऊन स्वतःचा चहा करायचा आणि रेडिओ लावायचा, हा माझा नेम. माझा नवरा पिराजी एसटीत कंडक्टर. ट्रान्झिस्टर त्यानं आणला, क्रिकेटचं वेड मात्र मला लागलं. कॉमेंट्री लावली नाही तर म्हैससुद्धा पान्हा चोरायची.

तेच वेड आण्णासाहेबांना. त्या बुधवारी ऑस्ट्रेलियाला जिंकायला एकशे त्रेचाळीस हवे होते, त्यांचे तीन गडी आदल्या दिवशीच गेले होते, आणि नेमके आण्णासाहेबांच्या रेडिओचे सेल संपले. गावात सेल मिळेनात. दूध घालून झाल्यावर आमच्या वस्तीतली माणसं माझ्या अंगणात बसली, गावातलीही दहा-बारा कुंपणाला टेकली. आण्णासाहेब मात्र रस्त्यावरच, एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे.

मी आवाज थोडा कमी केला. चौथा गडी गेला तेव्हा ते कुंपणापाशी आले. मी आणखी कमी केला. पाचव्याला ते अंगणात आले. सहाव्याला धोतर सावरत ओट्याच्या कडेला टेकले. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

तोवर चुलीवर आधण ठेवलं होतं. ठेचलेलं आलं, दोन वेलदोडे, लवंग, दालचिनीचा तुकडा, गवती चहाची दोन पाती. मग साखर आणि चहा पावडर, आणि मागं ठेवलेलं सकाळचं घट्ट दूध. तीनदा वर येऊ दिला. वास ओट्यावर पोचला तेव्हा आण्णासाहेबांनी एकदा मागं वळून पाहिलं.

एकोणसत्तरला सातवा गेला, एकोणसत्तरलाच आठवा. मी रेडिओ बंद केला आणि घरातला चांगला कप त्यांच्यापुढं ठेवला.

"चहा घ्या, आण्णासाहेब."

"माझा झालाय सोसायटीत."

"मग रेडिओबी न्हाय लागायचा आज."

त्यांनी लोकांकडं पाहिलं. लोक कपाकडं बघत होते. हा माणूस उठून गेला असता तर माझी तीन वर्षं पाण्यात गेली असती. मेलबर्नला काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

त्यांनी कप उचलला. पहिला घोट एरंडेल घ्यावं तसा घेतला. मी रेडिओ लावला. एकोणऐंशीला नववा, आणि त्र्याऐंशीवर सगळे गारद. अंगणात टोप्या उडाल्या. त्या आनंदात आण्णासाहेबांनी रिकामा कप माझ्यापुढं धरला आणि आणखी अर्धा मागितला. मी काठोकाठ भरून दिला.

लोकांना वाटलं, मुक्ताबाईचं समाधान झालं. मला एवढ्यावर कसलं समाधान? दुसऱ्या सकाळी मी सोसायटीच्या रांगेत सगळ्यांत पुढं होते. आण्णासाहेब खुर्चीत बसलेले. सेक्रेटरी उत्तरेश्वर त्यांच्या घरचं दूध मापून मोठ्या कॅनमध्ये ओतणार, तेवढ्यात मी कॅनच्या तोंडावर हात आडवा धरला.

"आण्णासाहेबांचं दूध लाल चिंधीच्या कॅनात घाला. काल त्यांनी माझ्या घरचा चहा पिलाय, दोन कप. नियम त्यांचाच हाय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. अर्धी रांग काल माझ्या अंगणात होती, नाही म्हणणार कोण? उत्तरेश्वर माप हातात धरून तसाच उभा. आण्णासाहेब उठून जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "मुक्ते, चार लोकांत असं बरं न्हाय."

"चार लोकांतच पाजला व्हता."

ते कोपऱ्यातल्या कॅनपाशी गेले आणि चिंधी सोडायला लागले. तीन वर्षांच्या दुधानं गाठ आवळून कडक झाली होती, बोटांनी सुटेना. शेवटी चेअरमनसाहेब सगळ्या रांगेसमोर वाकले आणि त्यांनी ती दातांनी सोडली. फेकायला हात उचलला, तर मी ती मागून घेतली.

आण्णासाहेब अजून मॅचला येतात, चहा मागतात. मी देते. पातेलं चुलीवरून त्याच चिंधीनं उतरवते, त्यांना नीट दिसेल असं.