कवीचा हवापालट

स्पिरोस कारादिमास या ग्रीक कवीने हुकूमशहाविरुद्ध कविता लिहिल्या, म्हणून त्याला एका उजाड बेटावर कैदेत टाकलं होतं. आखातातल्या दार्सैतच्या मराठी मंडळाने त्याला तिथे हवापालटाला पाठवलं.

मंडळाची रीतच होती: व्यासपीठावर जे बोलायचं ते आधी अध्यक्ष रमणसरांना दाखवायचं. सरांचं कवितेशी वैर नव्हतं. ती कशाबद्दलही नसावी, एवढीच अट.

"जयवंती मॅडम, आपण इथे पाहुणे," लाल पेनाचं टोपण काढत ते म्हणाले. "गेल्याच वर्षी इथे सोहारला संपात काय गडबड झाली, पाहिलंत ना? तुरुंग, पोलीस, संप... खलास."

"मग कवीचं उरतं काय, सर?"

"समुद्र आहे की! समुद्र काय कमी पडतो?"

अझैब्याच्या ऑफिसात पुलांचे नकाशे तपासणाऱ्या जयवंतीने दोन उन्हाळे घालवून हा कवी इंग्रजीतून मराठीत आणला होता. कुणीतरी तो ऐकावा, एवढीच तिची हाव. ती नाही म्हणाली असती, तर तिच्या जागी रमणसरांचे विनोद होणार होते. ती हो म्हणाली आणि तिला स्वतःचाच उबग आला.

शुक्रवारी हॉल भरला, वडे होते. जयवंतीने पास झालेला मजकूर जसाच्या तसा वाचला. रमणसरांनी कारणं तेवढी खोडून 'हवापालट' लिहिलं होतं. पुढचं वाचायचा त्यांना कंटाळा आला असावा. त्यामुळे कवी हवापालटाला गेला, तिथे त्याची बोटं मोडली, दात पडले, आणि आईच्या मयतालाही त्याला येता आलं नाही.

"अगंबाई, हवा मानवली नाही!" पहिल्या रांगेतल्या सुलोचनाकाकू कळवळल्या. मग म्हणाल्या, "त्या बेटावर पॅकेज टूर जाते का गं?"

रमणसर तृप्तीने मान डोलावत होते. जयवंतीने कागद मिटला.

"जाते की, काकू. तिकीट सरकार काढतं. फक्त जायचं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रमणसर अर्धवट उठले. "मॅडम, वेळ संपली..."

"बसा, सर. समुद्र आता येतोय," जयवंती म्हणाली, आणि तुरुंगातली पहिली कविता तिने तोंडपाठ सुरू केली.

समितीचे सगळे सदस्य एकदम चहाकडे धावले. आम्ही आत नव्हतोच, असं उद्या सांगायला बरं. सर्वांत पुढे रमणसर.

काकू मात्र वडा हातात धरून तशाच बसून राहिल्या.