चार वायरी

अण्णांनी शेवटचा प्लग पान्यानं सैल केला, दोन बोटांनी फिरवत बाहेर काढला आणि उजेडाकडे धरला. टोकाची काजळी त्यांनी नखानं खरवडून पाहिली.

"बघ अलका. दुधाच्या चहासारखा रंग यायला हवा. हा पार काळा पडलाय."

"मग साफ करा की."

"किती वेळा साफ करायचा? झिजलाय बिचारा. वय झालं त्याचं."

अलका पायरीवर नव्या प्लगांची खोकी मांडीवर घेऊन बसली होती. लहानपणापासून तिचा रविवार असाच उजाडायचा. मल्लेश्वरमच्या घरापुढं ती जुनी फियाट, तिचं उघडं बॉनेट, आणि त्यात कमरेपर्यंत शिरलेले अण्णा. कारखान्यातून निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसतील तर शपथ. देवाला फूल वाहायचं एखाद्या दिवशी राहून जाई, पण रविवारी प्लग पाहायचे राहत नसत. आई होती तोवर म्हणायची, या गाडीला सून म्हणावं की सवत, तेच मला कळत नाही.

नव्या प्लगच्या फटीत पोलादाची पातळ पट्टी सरकवून अण्णांनी अंतर तपासलं. मग एकेक प्लग हातानं आत फिरवला.

"आधी हातानं, पाना मागून. घाई केली की आटे जातात," ते स्वतःशीच म्हणाले. अलकाला हे वाक्य पाढ्यासारखं पाठ होतं.

राहिल्या वायरी. चार प्लग, चार वायरी, ज्याची त्यालाच लागायला हवी. नाहीतर गाडी उठत नाही. गेल्या उन्हाळ्यापासून नेमकं इथंच अण्णांचं चुकायला लागलं होतं. ते हात धुवायला आत गेले की अलका गुपचूप बॉनेटमध्ये वाकायची आणि वायरी जागच्या जागी लावून ठेवायची. मग अण्णा येऊन चावी फिरवत आणि इंजिन सुरू झालं की मान डोलवत म्हणत, "आवाज ऐक, आवाज!" तेवढ्या एका वाक्यासाठी ती आठवडाभर रविवारची वाट पाहायची.

आज मात्र ती वायरींना हात लावणार नव्हती.

मागच्या गुरुवारी हेच प्लग आणायला अण्णा गाडी घेऊन इथल्याच शिवाजीनगरला गेले होते. दुपारी यायचे, ते दिवेलागणीला एका रिक्षातून उतरले. लायसन्सवरचा पत्ता वाचून रिक्षावाल्यानं त्यांना हेब्बाळच्या तळ्याजवळून आणलं होतं. तिथं रस्त्याच्या मधोमध गाडी उभी होती, इंजिन चालू, आणि अण्णा स्टिअरिंग घट्ट धरून बसलेले. एक शाळकरी पोरगी चाकाखाली येता येता वाचली होती. गाडी दुसऱ्या दिवशी अलकानंच जाऊन घरी आणली.

"अक्का, यांना गाडी देऊ नका," रिक्षावाला तिला बाजूला घेऊन म्हणाला होता.

पुण्याहून सयाजीनंही फोनवर बहिणीला तेच सुनावलं. "चावी काढून घे. सरळ सांग, आता जमत नाही तुम्हाला." सयाजीचं काय जातं? पुण्यात बसून सांगणं सोपं. ज्यांनी याच गाडीवर तिला गिअर टाकायला शिकवलं, भिंतीला ठोकली तरी ब्र काढला नाही, त्यांना हे तोंडावर कुणी सांगायचं? म्हणून तिनं ठरवलं होतं, आज चूक दुरुस्त करायची नाही. गाडी उठणार नाही, अण्णांचं त्यांनाच उमगेल.

अण्णा आत गेले. अलका उठली आणि नुसतं पाहायचं म्हणून वाकली.

चारही वायरी बरोबर होत्या.

तिनं एकेक वायर नजरेनंच मागेपर्यंत तपासली. बरोबरच होत्या. कितीतरी महिन्यांनी अण्णांनी सगळं एकट्यानं, अचूक केलं होतं. एरवी ती नाचत आत गेली असती. आज तिच्या डोळ्यांपुढं हेब्बाळची ती न पाहिलेली पोरगी उभी राहिली, दप्तर घेतलेली. आतून पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. अलकानं मधल्या दोन वायरी ओढून काढल्या आणि अदलाबदल करून दाबून बसवल्या.

अण्णांनी चावी फिरवली. इंजिन थरथरलं, ठसकलं, मागं धाडकन बार काढून बंद पडलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

ते खाली उतरले, बॉनेटमध्ये वाकले. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांचा हात वायरींवरून सावकाश फिरला आणि मधल्या दोन वायरींपाशी थांबला. आता लावतील बरोबर, अलकाला वाटलं. लावाव्यात असंही वाटलं. पण ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी बॉनेट बंद केलं.

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले. "ध्यानात राहत नाही आता. ही चावी तुझ्याजवळ ठेव."

"अण्णा, स्वल्प थांबा, परत एकदा बघू या की."

"नको. सरी, ठीक आहे, झालं तेवढं पुरे झालं."

ते आत गेले. अलका चावी मुठीत धरून तिथंच रडली. बापाचं बरोबर आलेलं काम तिनं चूक ठरवलं होतं, आणि त्यांनी ती चूक मुकाट्यानं आपल्या माथ्यावर घेतली होती.

दुपारी अण्णांचा आरामखुर्चीत डोळा लागल्यावर ती पुन्हा बाहेर आली. निदान गाडीशी तरी खोटेपणा नको, म्हणून तिनं बॉनेट उघडलं आणि एक वायर काढायला घेतली. रबरी टोपणाच्या मागं बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. वायरीवर घट्ट बांधलेला दोरा होता, तेलानं काळा झालेला, दिसतही नव्हता. त्याला दोन गाठी होत्या. शेजारच्या वायरीच्या दोऱ्याला तीन. पहिल्या वायरीला एकच गाठ, शेवटच्या वायरीला चार.

डोकं दगा देतंय हे अण्णांना केव्हाच कळलं होतं. आपल्या माघारी कुणीतरी वायरी लावतंय, हेही कळलं असणार. म्हणून त्यांनी बोटांसाठी खूण करून ठेवली होती. आणि सकाळी तिसऱ्या प्लगपाशी त्यांच्या बोटांना दोन गाठी लागल्या होत्या.

तिनं वायरी जागच्या जागी लावल्या. डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसत नव्हतं, पण गाठी होत्याच. मग काळे झालेले हात पदराखाली धरून ती आत आली.

अण्णा जागेच होते. त्यांनी खिडकीवरची नजर काढली नाही.

"साबणानं जायचं नाही ते," ते म्हणाले. "मोरीच्या कठड्यावर वाटीत रॉकेल आहे. तुझ्यासाठी सकाळीच ठेवलंय."