जर-तरचा तास

सून इंग्रजीच्या वर्गाला जायला लागली, म्हणून सासूबाईंनीही नाव घातलं. "उद्या ही माझ्यासमोर इंग्रजीत माझीच उणीदुणी काढेल," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. लपवाछपवी नाही!

त्या संध्याकाळी जर-तरची वाक्यं होती. शिकवणाऱ्या बाईंनी नियम घातला : जे नाही, ते असतं तर काय झालं असतं, तेवढंच बोलायचं. आणि या तासाचं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, कारण यातलं काहीच खरं नसतं.

"म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तेच ना?" सासूबाई म्हणाल्या. "त्याला फी कशाला?"

सगळे हसले. सुनेला मात्र हसू येईना. बेकरीच्या मालकिणीने तिला केकवर नक्षी काढायच्या कामाला बोलावलं होतं आणि मालकिणीला आजच उत्तर हवं होतं. सुनेचा सगळा जीव त्या कामात अडकलेला. पण नवऱ्याने विषयच मिटवून टाकला होता, "आईला विचारलं मी. नको म्हणाली."

सुनेची पाळी आली. नियम आहेच, तर घ्यावे हात धुऊन, असं म्हणून ती उठली. "इफ माय मदर-इन-लॉ वेअर काइंड, आय वुड वर्क इन अ बेकरी."

मायाळू असत्या तर! म्हणजे नाहीत, हे वर्गात सगळ्यांना कळलं. बोलून गेल्यावर तिलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाई चष्मा सावरत उठल्या. "इफ समवन हॅड आस्क्ड मी, आय वुड हॅव सेड येस."

"शाब्बास! एक चूक नाही!" बाईंनी टाळ्या वाजवल्या.

कुणी विचारलं असतं, तर हो म्हणाले असते. सून मट्‌कन खाली बसली. "आई, ह्यांनी तुम्हाला विचारलं नाही?"

"तो? अगं, जेवायला काय आहे, यापलीकडे त्याने मला आजवर काही विचारलंय का?"

दोघी घरी पोचल्या, तर स्वारी टेबलाशी बसलेली. "किती उशीर! जेवायला काय आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "इफ आय वेअर यू," सासूबाई खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाल्या, "आय वुड कुक."

तो बायकोकडे वळला. "आई काय म्हणतेय?"

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली आणि तिने बेकरीला फोन लावला.