तिन्ही टँकर गोड

वाळूजच्या सरबत कारखान्यात पाणी पास करायचं काम सांडूच्या जिभेकडे आलं, त्याला दुष्काळ जबाबदार होता आणि थोडंफार कुरिअर. कारखाना उभारताना सरबत थंड करायच्या यंत्राला तीनशे चार नंबरच्या स्टीलचे पत्रे बसवले होते. गोड पाण्याला ते पुष्कळ. खाऱ्या पाण्यात तग धरतं ते तीनशे सोळा, पण ते महाग; आणि पैठणचं एवढं थोरलं धरण उशाला असताना खाऱ्याची तयारी कोण करतो? मग शहर वाढत गेलं, धरण तळाला गेलं, नळ आटले आणि फाटकातून टँकर येऊ लागले. खाऱ्या पाण्याने स्टीलला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, म्हणून इंजिनिअर तनुजा मॅडम प्रत्येक टँकरचं पाणी औषधाचे थेंब टाकून तपासत. थेंबांची बाटली संपत आली. नवी पुण्याहून निघाली होती, आणि महिनाभर निघालेलीच होती.

सांडू धनगराच्या घरातला. मेंढरं विकून कारखान्यात लागला, तोही कंत्राटी. "मेंढराला पाजायच्या आधी पाणी आपण चाखायचं असतंय," असं तो एकदा बोलून गेला आणि अडकला. तनुजाने त्याची रीतसर परीक्षा घेतली. उरलेल्या थेंबांत तीन टँकर तपासले आणि त्यांचंच पाणी सांडूला चाखायला दिलं. तिन्ही गोड, सांडू म्हणाला. तिन्ही गोडच निघाले. खारं पाणी त्याला कुणी दिलंच नाही, कारण मुद्दाम खारं मागवायला सवड कुणाला होती? मॅनेजर अप्पाराव साहेब खूश झाले. असंच चालू दे, तुला कायम करू, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फकिराचा टँकर लागला. फकिरा सांडूच्या गावचा, पाणीही गावच्याच विहिरीचं. सांडूने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं आणि त्याला आईची आठवण आली. जन्मभर हेच पाणी प्यालेला माणूस तो. "एक नंबर," म्हणाला, आणि टँकर आत गेला. त्याचे मागून आलेले सगळेही गेले.

उन्हाळा सरता सरता पत्र्यांना भोकं पडली, पलीकडचं पाणी सरबतात झिरपलं आणि सरबत पाणचट झालं. फकिराने नमुना गोड दाखवला आणि आत खारं ओतलं, असं अप्पारावांनी बसल्या जागी ओळखलं. पोलिसांत द्यायचं ठरलं. सांडूची जीभ निर्दोष आहे हे दाखवायला ऑफिसात दोन पेले मांडले: एक धरणाच्या पाण्याचा, एक फकिराच्या. गोड ओळखला की सांडू कायम.

जिन्यात तनुजा हळूच म्हणाली, "सांडू, उजवा पेला धरणाचा आहे. तोच गोड म्हण." निकाल तिच्या परीक्षेचाही लागायचा होता.

सांडूने उजवा चाखला. मग डावा. दाराशी फकिरा टोपी हातात धरून उभा होता. कायम व्हायची सांडूला फार हाव होती. त्यासाठी त्याने मेंढरं विकली होती.

"हे गोड हाय, साहेब." त्याने डावा पेला उचलला.

"नीट चाख."

"चाखलं की. हे आमच्या विहिरीचं. फकिरानं मला हेच दावलं आन् हेच ओतलं. त्यानं काय बदललं नाय. खारं कशाला म्हणतेत, ते मलाच ठावं नव्हतं."

अप्पारावांनी तनुजाकडे पाहिलं, तनुजाने खिडकीकडे. पोलिसांत जायचं राहून गेलं. तीनशे सोळाचे पत्रे मागवायचं ठरलं. आणि उद्यापासून येऊ नकोस, हे साहेबांनी सांडूला चांगल्या शब्दांत सांगितलं.

शिपाई पेले मोरीत रिकामे करायला निघाला, तेव्हा सांडूने ते त्याच्या हातून घेतले. डावा स्वतः पिऊन टाकला, उजवा फकिराला दिला.

फकिराने घोट घेतला. "याला तर चवच नाय."

"व्हय. गोड यालाच म्हणतेत," सांडू म्हणाला. "आमच्या म्हातारीला सांगू नको."