वेशीवरची हाक

चिमी बुतीला संध्याकाळ नकोशी व्हायची. पण वेस लावायचं काम तिचंच, सांगणार कोणाला? तिबेटच्या सीमेजवळच्या मांथांग गावाच्या तटाला दरवाजा एकच, आणि तो लावायचा मान राजांच्या काळापासून तिच्या सासरचा. आता राजा गेला, राज्य गेलं, वाड्याचा कारभार कबुतरं बघतात. तिबेटचं मीठ ज्या वाटेनं खाली उतरायचं, त्याच वाटेनं तरणी पोरं उतरतात आणि परत चढत नाहीत. थंडी पडली की उरलेसुरलेही खाली मैदानी मुलखात स्वेटर विकायला जातात. मग तटाच्या आत म्हातारी माणसं, कुत्री आणि वारा. तरी वेस लागायचीच.

लावण्याआधी हाक द्यायची. कोणी व्यापाराला गेला आणि परतायची वेळ टळली, की त्याचं नाव पुकारायचं. लागोपाठ तीन संध्याकाळी ओ आली नाही, तर तो माणूस गावाचा राहिला नाही. त्याच्या वाट्याची पाण्याची पाळी मोडायची. वसंतात फासे टाकून पाळ्या ठरतात, त्यात त्याचं नाव धरायचं नाही. या मुलखात पाऊस कसला तो माहीत नाही. पाळी गेली म्हणजे शेत गेलं, आणि शेत गेलं म्हणजे परतायला उरलं काय?

चिमीनं गावातल्या कितीतरी पोरांची नावं पुकारली. शेजारच्या अंग्यालच्या दोन्ही मुलांची तर त्यानंच येऊन पुकारायला लावली होती. पण तिचा स्वतःचा मुलगा रिंझिन न्यूयॉर्कला जाऊन कैक हिवाळे लोटले, त्याचं नाव काही तिच्या तोंडून निघेना.

"लबाड आहे ही," बायका ओढ्यावर म्हणायच्या. "लोकांची पोरं पुकारते, आपलं तेवढं गिळून बसते."

शेवटी रिंझिनचाच फोन आला. "आमा, माझं नाव पुकार आता. मुखिया सारखा मागे लागतो, पाळी आहे तोवर पाट दुरुस्तीला माणूस पाठव म्हणून. इथून कुठून पाठवू?"

"मग तूच ये की."

"आमा, मी नाही येत आता. घर झालं इथं. खरंच नाही येत."

"बरं बरं. जेवलास का?"

"आत्ता कुठे उठतोय, आमा."

पहिल्या संध्याकाळी तिनं हाक मारली खरी, पण ती तिच्या तिलाच ऐकू आली असेल-नसेल. अंग्याल रोज या वेळी जपयंत्र फिरवत तटाला फेरी घालायचा आणि सगळ्यांत शेवटी आत यायचा.

"ही हाक म्हणायची?" तो म्हणाला. "तुझा नवरा ओरडायचा तेव्हा समोरच्या कड्यावरच्या मेंढ्या माघारी वळायच्या."

"तू आत हो मुकाट्यानं, नाहीतर तुलाच बाहेर ठेवीन."

दुसऱ्या दिवशी मात्र ती बेंबीच्या देठापासून ओरडली. घरी जाताना तिनं अंग्यालला विचारलं, "तुझ्या पोरांची नावं मोडली, तेव्हा काय वाटलं रे?"

"काहीच नाही वाटलं. तेच वाईट, चिमी. आता संध्याकाळी कान लावून बसायलाही काही नाही."

तिसऱ्या संध्याकाळी मुखिया चार माणसं घेऊन साक्षीला आला. बोचरा वारा सुटला होता. अंग्यालचा पत्ता नव्हता. रेंगाळला असेल मेला कुठेतरी, असं तिला वाटलं. तिनं दरवाज्याला हात टेकला आणि साद घातली, "रिंझिन! ए रिंझिन!"

काही नाही. मुखियानं मान हलवली, माणसं वळली.

"ओ! आलो, आलो!"

तटाबाहेरच्या स्तूपामागून आवाज आला. दात पडलेल्या तोंडाचा, घोगरा. कोणाचा, ते कुत्र्यांनीसुद्धा ओळखलं.

"काका, ही काय थट्टा?" मुखिया भडकला.

"थट्टा कसली? ओ आली की नाही?" अंग्याल जपयंत्र फिरवत पुढे आला. "राजाच्या वेळी कोणी विचारलं होतं का, ओ कोणाची म्हणून? ओ म्हणजे ओ."

मुखियानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चिमीकडे. "यंदा राहू दे मग त्याची पाळी," असं पुटपुटून तो घराकडे वळला. त्याच्यामागून बाकीचेही गेले.

चिमीनं अंग्यालची बाही धरली. "मेल्या, का केलंस असं? सुटले असते ना रे मी!"

"मी सुटलोय ना," तो म्हणाला. "बघतेस ना रोज, सुटलेला माणूस कसा असतो ते?"

तिला रडू आवरेना. त्याचा राग आला होता, त्याच्यावर जीवही जडला होता, आणि रिंझिन येणार नाही हे तर तिला पक्कं ठाऊक होतं. अंग्यालनं दरवाज्याला खांदा लावला. तिनं बाहीनं तोंड पुसलं, अडसर उचलला. मग तो घालायच्या आधी दार पुन्हा बोटभर उघडून तिनं एकवार बाहेर पाहिलं.