चढावरचा थांबा

"अप्पा, पाय खाली," मागून आवाज आला, आणि रेवणसिद्धनं चटका बसल्यासारखा डावा पाय क्लचवरून उचलला.

गाडी आगाराच्या आवारात उभी होती. इंजिन बंद, दार उघडं. अशा मेलेल्या गाडीतही त्याचा पाय आपला क्लचवर जाऊन बसला होता. मागच्या सीटांवर दाटीवाटीनं बसलेले दहा ड्रायव्हर फिसकन हसले. त्यातले निम्मे तर रेवणसिद्ध पहिल्यांदा एसटीच्या स्टेअरिंगवर बसला तेव्हा शाळेतही गेलेले नव्हते.

"सत्तावीस वर्षं झाली, साहेब," तो म्हणाला. "पायाला दुसरी जागाच ठावं न्हाई."

"मग आता दाखवा त्याला," अमरसिंह साहेब म्हणाले. प्रशिक्षण द्यायला आलेला हा माणूस पस्तिशीचा, शांत, कधी आवाज न चढवणारा. हेच तर वाईट होतं. खेकसणाऱ्या साहेबाला कसं तोंड द्यायचं हे रेवणसिद्धला पाठ होतं. समजुतीनं सांगणाऱ्यापुढे त्याची डाळ शिजत नसे.

डिझेल बचतीचं हे तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विश्रांतीगृहातल्या फळ्यावर अकरा जणांची नावं लिहिलेली, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा: दहा लिटर डिझेलमध्ये याची गाडी किती किलोमीटर जाते. बावन्न हवे होते. रेवणसिद्धचे सत्तेचाळीस होते, सगळ्यांत खाली. तो इथे दुसऱ्यांदा आला होता. गुरुवारी त्याच्याच नेहमीच्या फेरीवर साहेब शेजारी बसून चाचणी घेणार, आणि त्यातही बावन्न झाले नाहीत तर स्टेअरिंग सुटणार, असं आगारप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ती गाड्या धुण्याच्या रॅम्पवर, हातात पाण्याचा पाइप घेऊन काढायची. आयुष्यात एक अपघात नाही, कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का नाही, पण फळ्यावर त्याचा रकाना नव्हता.

दुपारी साहेबांनी त्याला एकट्याला बसवून घेतलं. "गाडी तीच, रस्ता तोच, बाकीच्यांचे त्रेपन्न पडतात. तुम्ही थांबता कुठं कुठं?"

"हात केला की थांबतो."

"चढावर?"

रेवणसिद्ध वहीचा कोपरा दुमडू लागला.

"चढावर थांबलं की भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलावी लागते. तिथंच सगळं डिझेल जातं, अप्पा. हात करणाऱ्याला घ्या की, कोण नको म्हणतं? पण चढाच्या आधी घ्या, नाहीतर वर गेल्यावर. मधे नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं झालं तर इंजिन बंद. हेही लिहून घ्या."

रेवणसिद्धनं वहीत लिहिलं. चढावर नाही. शब्द लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे बाभळ उभी राहिली, आणि बाभळीखाली बायनाबाई.

शिरूर कासारहून बीडला जाताना एक लांबलचक चढ लागतो. चढाच्या ऐन मध्यावर पाच-सहा घरांची एक वस्ती आहे, आणि अधिकृत थांबा आहे तो किलोमीटरभर पुढे, चढ संपल्यावर, फाट्यावर. बायनाबाई पुढच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. साडेनऊला तिथं चूल पेटली नाही तर दुपारी शंभर पोरं ताटं वाजवत बसणार. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला. अकरा वर्षं ती नऊ वाजता बाभळीखाली उभी राहून हात करायची, आणि अकरा वर्षं रेवणसिद्ध गाडी थांबवायचा. ती त्याच्या मागच्याच सीटवर बसून साऱ्या वस्तीची खबरबात सांगायची, आणि गाडी कण्हत उठली की दर वेळी म्हणायची, "माझ्यापायी लई तरास व्हतो बग हिला." दोघांचं एवढंच नातं. पण ती सुट्टीच्या दिवशी दिसली नाही की त्याला फेरी अर्धवट झाल्यासारखी वाटे.

घरी तो स्वयंपाकघरात खुर्ची टाकून सराव करू लागला. उजवा पाय पाटावर, डावा जमिनीवर, हातात लाटणं. जगदेवी भाकरी थापता थापता बघत राहिली.

"कुटवर आली गाडी?" तिनं विचारलं.

"हसू नगंस."

"हसत न्हाई. मागनं चपात्यांला लाटणं लागतंय मला." तिनं लाटणं काढून घेतलं, मग त्याचा चेहरा बघून परत त्याच्या हातात दिलं. "येवढं काहून भ्यालाव? थांबू नका म्हनलं तर थांबायचं न्हाई, झालं."

"तिथं बायनाबाई आसती."

जगदेवीनं भाकरी तव्यावर टाकली. "येक दिवस चालंल ती," ती म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता.

गुरुवारी सकाळी टाकी काठोकाठ भरली, साहेबांनी स्वतः वाकून पाहिलं आणि झाकणाला सील लावलं. रेवणसिद्धनं सुटायच्या आधी कपाळाची विभूती पुन्हा एकदा चाचपली. तळहात ओले झाले होते. मात्र गाडी निघाली ती लोण्यासारखी. गिअर वेळेवर पडले, डावा पाय जमिनीला खिळलेला राहिला. साहेब कॅबिनमध्ये शेजारी बसून कागदावर खुणा करत होते. कंडक्टर लखन, एरवी बडबड्या, आज तिकिटंसुद्धा हळू आवाजात फाडत होता.

चढ लागला. रेवणसिद्ध मनात म्हणत होता, आज ती आलेली नसू दे. ताप येऊ दे, पाहुणे येऊ देत, शाळेला सुट्टी असू दे.

बाभळीखाली ती होती. पिशवीतून मेथीच्या जुड्या वर आलेल्या. तिनं हात केला, रोजच्यासारखाच, खात्रीचा. लखनचा हात घंटीच्या दोरीकडे गेला आणि तिथंच राहिला. रेवणसिद्धनं समोर बघितलं. गाडीचा वेग कणभरही कमी झाला नाही. ती हसत दोन पावलं पुढे आली होती, दार जिथं येतं तिथं. आरशात तिचा हात अजून वरच होता. मग वळण आलं.

त्याला इतकी शरम वाटली की कान तापले. त्यानंतरचा सगळा रस्ता त्यानं अप्रतिम गाडी चालवली.

बीडला टाकी पुन्हा भरली. चोपन्न. साहेबांनी त्याचा हात हातात घेऊन हलवला. "बघा, जमलं की नाही? हीच गाडी, हाच रस्ता." कागदपत्रांसाठी त्याला तिथंच थांबवून घेतलं आणि परतीची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं. त्यावर त्याचं नाव छापलेलं होतं, आडनावासकट. जगदेवीनं ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. त्यानं दोनदा उचलून वाचलं, आणि दोन्ही वेळा त्याला मेथीच्या जुड्या आठवल्या.

शुक्रवारी शेजारची सीट रिकामी होती. साहेब दुसऱ्या आगाराला गेले होते. तरीही आज थांबायचं की नाही, हे चढ येईपर्यंत त्याचं ठरेना. एकदा थांबलं की रोज थांबणं आलं, आणि महिन्याचा आकडा तर फळ्यावर लागणारच होता.

बाभळ आली. खाली कुणी नव्हतं.

सुटलो, असं वाटलं, आणि लगेच आत काहीतरी तुटलं. रुसली असेल. रुसावंच तिनं.

चढ बराचसा संपत आल्यावर ती दिसली. रस्त्याच्या कडेनं, पिशवी या हातातून त्या हातात घेत, उजवा पाय ओढत चढ चढत होती. अर्ध्या तासापूर्वी तरी निघाली असणार. गाडीचा आवाज ओळखून ती आणखी कडेला सरली. रेवणसिद्धनं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला. गाडी मंदावली तशी ती गर्रकन वळली आणि रोज वर जाणारा तोच हात जोरजोरात पुढे हलवू लागली.

"थांबू नगंस, अप्पा! चढ हाय! जा तू, जा म्होरं!"

"मीच सांगितलं काल परतीच्या गाडीत," लखन मागून पुटपुटला. "परीक्षेचं. रॅम्पचं. म्हनली, आगुदर सांगायचं की रं मला."

रेवणसिद्धनं पाय पुन्हा ॲक्सिलेटरवर ठेवला. गाडी तिच्या शेजारून पुढे गेली.

फाट्यावरच्या थांब्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. दोन माणसं चढली. लखननं दार लावलं, घंटी दिली. रेवणसिद्धनं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

गाडीत एकदम शांतता पसरली. पुढच्या सीटवरच्या धोतरवाल्या म्हाताऱ्यानं मान वर काढली. "काय झालं रं? बंद पडली का?"

"न्हाई. थांबा हाय," रेवणसिद्ध म्हणाला.

"मंग काहून..."

"बसा की, बाबा," लखन म्हणाला. त्यानं घड्याळात पाहिलं, दार पुन्हा उघडलं आणि तो पायरीवर उभा राहिला. मग कुणी काही विचारलं नाही.

वळणामुळे खालचा रस्ता उजव्या आरशात दिसत होता. बऱ्याच वेळानं त्यात एक ठिपका आला, त्याचं लुगडं झालं, लुगड्यासोबत पिशवी. थांबलेली गाडी दिसताच ती झपाझप चालायला लागली. तो दुखरा पाय तसाच फरफटत, जवळजवळ पळतच. तिला वाटलं असणार, आपल्यामुळे गाडीचा खोळंबा झालाय.

रेवणसिद्धनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर केला. मग तळवा खाली करून हळूहळू हलवू लागला. सावकाश. सावकाश या.

तिनं तो पाहिला की नाही कळलं नाही, कारण ती काही थांबली नाही. त्यानं मात्र ती दाराशी येईपर्यंत हात आत घेतला नाही.