बुटातला स्क्रू

मिस्त्रीला शुगर लागून अकरा वर्षं झाली. दर महिन्याला बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात यायचं, नंबर लावायचा, दोन तास बाक झिजवायचा आणि डॉक्टरीणबाईंसमोर दोन मिनिटं बसायचं. बाई रिपोर्ट बघायच्या, गोळ्या लिहायच्या, "गोड बंद ना?" विचारायच्या. मिस्त्री बिनदिक्कत "बंद" म्हणायचा, की सुटला!

त्या दिवशी औषधाच्या खिडकीपाशी एका पोरीनं त्यांना गाठलं. हातात कागदांचा गठ्ठा.

"काका, इथल्या सेवेवर किती समाधानी? एक ते पाच."

"पाच."

"किती वेळ थांबावं लागलं?"

"पाच."

"पाच तास?"

"अगं, सगळीकडे पाच लाव आणि मोकळी हो."

पोरगी हसली, पण हटली नाही. "डॉक्टरांनी पाय तपासले?"

"तपासले की."

बायको पिशवीत गोळ्या भरत होती. तिनं मान वर केली. "कधी हो? अकरा वर्षांत तुमच्या पायाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मलासुद्धा दाखवत नाही तुम्ही."

"तू गप बस. डॉक्टरीण भली बाई आहे, मागं साठ माणसं खोळंबलेली. उद्या राग धरून आपल्याला दारातच उभं केलं तर?"

"यावर नाव लिहायचंच नाही, काका."

बायकोनं पुढचं ऐकलंच नाही. खाली बसली आणि सगळ्यांदेखत त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागली. मिस्त्री "अगं, लोक बघतायत" म्हणेस्तोवर बूट तिच्या हातात. मोजा रक्तानं भिजलेला आणि तळव्यात एक स्क्रू रुतून बसलेला.

मिस्त्रीनं तो लगेच ओळखला. कपाटाच्या बिजागरीचा. सकाळीच एक कपाट बसवून आला होता, तिथं काढून ठेवलेल्या बुटात पडला असणार. म्हणजे चार तास हा गडी स्क्रूवर चालत होता, जिने चढत होता, आणि पायानं चकार शब्द काढला नव्हता.

जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आला, लाकूड नुसतं बघून घेऊ नका, ठोकून बघा, आतली कीड आवाजात कळते. स्वतःचा पाय मात्र कुणी ठोकू नये म्हणून पाच-पाच वाटत सुटला होता.

रांगेतल्यांच्या शिव्या खात बायकोनं त्याला परत आत नेलं. "बाई, आधी हे बघा."

डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून खाली बसल्या. स्क्रू काढला, जखम धुतली. मग बोटं फाकवून बघितली आणि थांबल्या. दोन बोटांच्या बेचक्यात जुनी जखम होती, पू धरलेली.

"ही कधीची?"

मिस्त्रीला ठाऊकच नव्हती.

"शुगरनं पाय बधिर झालाय, म्हणून कळलं नाही. स्क्रूचे उपकार माना. आणखी पंधरा दिवसांनी आला असतात, तर बोटं कापायची पाळी. आता रोज येऊन पट्टी बदलायची." बाई पट्टी बांधत खालच्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. यापुढं मी विसरले, तरी तुम्ही बूट काढूनच बसायचं."

बाहेर पोरगी कागद घेऊन उभीच होती. "पाचच ठेवू का, काका?"

"पायाचं 'नाही' लिही. आणि समाधान चार. बाई खाली बसल्या म्हणून चार. पाचवा पुढच्या महिन्यात बघू."

बायकोच्या खांद्यावर हात टाकून, बूट काखेत मारून तो निघाला. बाकापाशी थांबला.

"काय मंडळी, शुगरवाले कोण कोण?"

सात-आठ हात वर झाले.

"बूट काढा."